गाठ एका जागी, परिणाम सगळ्या डोक्यावर: माझ्या ब्रेन ट्युमरचा अनुभव

२० मार्च २०२४ ला माझ्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, तेही जागेपणी, म्हणजे कवटी उघडलेली असताना मी डॉक्टरांशी बोलत होते. त्याला आता चौदा महिने झालेत. गेल्या महिन्यात माझी तिसरी न्यूरोसायकॉलॉजी चाचणी, म्हणजे लक्ष, स्मरणशक्ती, भाषा, कामाचा वेग मोजणारी चाचणी झाली, तिचा रिपोर्ट हातात आला आणि तेव्हाच ठरवलं की हे सगळं एकदा लिहून काढायचं. निदान झालं तेव्हा मी जे जे वाचलं त्यात गाठीचा आकार, ग्रेड, ऑपरेशन, रेडिएशन सगळं होतं, पण डोक्याच्या पुढच्या डाव्या भागात साडेतीन सेंटिमीटरची गाठ आहे तर दोन माणसं एकदम बोलायला लागली की मला रडू का येतं, याचं उत्तर कुठे सापडलं नव्हतं. ते पुढे तुकड्यातुकड्याने मिळत गेलं, म्हणून जसं घडलं तसंच सांगते.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. ऑगस्ट २०२३ च्या आसपास काहीतरी बिघडायला लागलं होतं हे आता मागे वळून बघताना कळतं, तेव्हा कळलं नव्हतं. हात फळ्यावर आणि कान वर्गाकडे ही सवय इतक्या वर्षांत अंगात मुरलेली असते, तीच हळूहळू सुटत गेली. फळ्यावर उदाहरण सोडवताना मागून कुणी विचारलं की मॅडम तिसरी पायरी कशी आली, तर मी वळून उत्तर द्यायचे आणि परत फळ्याकडे बघितलं की चौथी पायरी डोक्यातून गेलेली असायची. गणित विसरले होते असं नाही हं, तेच उदाहरण घरी एकटीने बसून सोडवलं की सुटायचं. पेपर तपासायला काही अडचण नव्हती पण तेच मार्क कॉम्प्युटरवर भरताना ओळी चुकायच्या. नवरा म्हणायचा, "हल्ली तू ऐकतच नाहीस." मी ऐकत असायचे, पण एका वाक्याचा अर्थ लागेपर्यंत तो दोन वाक्यं पुढे गेलेला असायचा.

डोकं एकदाही दुखलं नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण ब्रेन ट्युमर म्हणजे डोकेदुखी असंच सगळ्यांच्या मनात असतं. नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांना दाखवलं. थायरॉइड, बी १२, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल आलं, मग ताण आहे, झोप घ्या, जमलं तर सुट्टी घ्या असं सांगितलं गेलं. मीही ते मान्य केलं, आणि वर स्वतःला आळशी ठरवून मोकळी झाले. त्या तीन महिन्यांत स्वतःला जे काही बोलले त्याचं आजही वाईट वाटतं.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार संध्याकाळ. बहिणीशी फोनवर बोलत होते आणि बोलता बोलता शब्द येईनात. काय बोलायचं ते पक्कं माहीत होतं, तोंडातून बाहेर पडेना. उजवा हात थडथड उडायला लागला, त्यापुढचं मला आठवत नाही. नवऱ्याने सांगितलं की फिट अडीच मिनिटं चालली. त्याने दोन गोष्टी बरोबर केल्या, मला कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघितलं. तोंडात चमचा, बोट, काही म्हणजे काही घातलं नाही. शक्य असेल तर दुसऱ्या कुणीतरी मोबाइलवर शूटिंग करावं, तेव्हा विचित्र वाटतं पण कुठल्या हातापासून सुरू झालं, मान कुठे वळली यावरून डॉक्टरांना खूप कळतं.

त्या रात्री सीटी स्कॅन, दुसऱ्या दिवशी काँट्रास्ट (गाठ ठळक दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन एमआरआय. काँट्रास्टच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी बघतात, त्या रिपोर्टसाठी चार तास गेले. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की डाव्या फ्रंटल लोबमध्ये वरच्या बाजूला गाठ आहे, काँट्रास्ट घेत नाही, लो ग्रेड ग्लिओमा, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींची सावकाश वाढणारी गाठ असावी. लेव्हेटिरासिटाम हे फिटचं औषध सुरू झालं, गाडी चालवणं बंद. फिटनंतर किती महिने गाडी चालवायची नाही याचे नियम जागोजागी वेगळे असतात, तुमच्याकडचा नियम डॉक्टरांकडून लेखी घ्या, विम्यासाठीही लागतो.

कागदपत्रांचं इथेच सांगते. एमआरआयच्या नुसत्या फिल्म घेऊ नका, सीडीवर मूळ इमेजेस मागा आणि दोन कॉप्या मागा, एक दुसऱ्या डॉक्टरांकडे अडकून पडते. सगळ्या कागदांवर नाव एकाच स्पेलिंगने आहे ना हे काउंटरवरच बघा. माझ्या डिस्चार्ज पेपरवर एक अक्षर वेगळं पडलं होतं आणि तेवढ्यावरून विम्याची पूर्वमंजुरी दोन दिवस लटकली. पुढच्या तपासण्यांपैकी काही विम्यात बसतच नव्हत्या. ऑपरेशनचा मुख्य खर्च मिळाला, पण एफएमआरआय (काम करताना मेंदूचे कुठले भाग जागे होतात ते दाखवणारा एमआरआय) आणि न्यूरोसायकॉलॉजीची चाचणी अॅडमिट होण्याआधीच्या म्हणून नाकारल्या. सर्जननी 'ऑपरेशनच्या नियोजनासाठी आवश्यक' असं एका ओळीचं पत्र दिलं, ते जोडून परत अर्ज केला तेव्हा एफएमआरआयचे पैसे मिळाले, चाचणीचे नाहीच मिळाले. तर पत्र आधीच मागून ठेवा.

दोन सर्जनना भेटले. पहिल्यांनी सांगितलं की पूर्ण भूल देऊन काढू, शक्य तेवढी काढू. दुसऱ्यांकडे अकरा दिवसांनी वेळ मिळाली. त्यांनी स्कॅन बघायच्या आधी विचारलं, "तुम्ही दिवसभर काय काम करता, आणि सध्या काय जमत नाहीये?" मी फळ्याचं सांगितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी ते लिहून घेतलं.

मग त्यांनी कागदावर मेंदूचं चित्र काढलं आणि गाठीच्या जागी गोल केला, आणि त्या गोलातून बाहेर जाणाऱ्या रेघा काढत राहिले, खाली बोलण्याच्या भागाकडे, मागे, पलीकडच्या उजव्या अर्ध्या भागाकडे. म्हणाले, "गाठ या जंक्शनवर बसलीये. जंक्शन अडलं की लांबच्या स्टेशनावरही गाड्या उशिरा पोचतात, त्या स्टेशनात काही बिघाड नसला तरी." हे मला एका झटक्यात पटलं. माझी आकडेमोड ठीक होती, ऐकणं ठीक होतं, बोलणं ठीक होतं, या सगळ्यांना एकमेकांशी वेळेवर जोडणारी सोय ढिली पडली होती.

ही काही नवी कल्पना नाही म्हणे. कॉन्स्टँटिन फॉन मोनाकोव्ह नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने १९१४ मध्येच 'डायास्किसिस' हा शब्द वापरला होता, मेंदूत एका जागी इजा झाली की तिच्याशी जोडलेला पण लांब असलेला भागही मंदावतो, त्याला. पण शाळेत आपण शिकतो ते पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरचं, १८६१ मधलं, बोलण्याचा भाग हा इथे, अमुक भाग तिथे. ते चूक नाही, अपुरं आहे. सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन्सचा, म्हणजे चेतापेशींचा हा कारभार जागांइतकाच जोडण्यांवर चालतो.

मग मी विचारलं की गाठ इतकी मोठी होईपर्यंत मला चालता बोलता कसं येत होतं. तर या प्रकारच्या गाठी सावकाश वाढतात, व्यास वर्षाला साधारण चार मिलिमीटरने वाढतो, त्यामुळे मेंदूला वेळ मिळतो, कामं आजूबाजूच्या किंवा पलीकडच्या भागाकडे सरकवली जातात. त्याच जागी पक्षाघाताचा झटका आला असता तर सगळं एका क्षणात गेलं असतं. पण ही सरकवासरकवी फुकट होत नाही. साधी कामं निभतात, दोन कामं एकदम आली की ताकद पुरत नाही. माझ्या वर्गात नेमकं तेच होत होतं.

४ मार्चला न्यूरोसायकॉलॉजीची चाचणी. ऑपरेशनच्या आधी ही करून घ्याच, माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे, कारण नंतर काय बदललं ते मोजायला आधीचं माप लागतं. चाचणी घेणाऱ्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "मनातल्या मनात आकडे कुठल्या भाषेत मोजता?" मी म्हटलं मराठीत. मग सगळं मराठीतून. तुम्ही ज्या भाषेत विचार करता त्याच भाषेत चाचणी मागा. दुसऱ्या भाषेत मार्क कमी पडले तर ते गाठीमुळे की भाषेमुळे हे कळायला मार्ग राहत नाही.

तीन तास लागले, मध्ये दोनदा थांबलो. पंधरा शब्दांची यादी पाच वेळा ऐकून म्हणायची, ती बरी गेली. आकडे ऐकून तसेच म्हणायचे, सात आकड्यांपर्यंत गेले, उलटे म्हणायला सांगितले तर चारवर अडकले. एका मिनिटात 'क'वरून शब्द सांगा म्हणाल्या. कागद, कपाट, कात्री, कान, कमळ, मग परत कागद. मिनिटात नऊ झाले. मराठी शाळेत आयुष्य गेलं आणि 'क'वरून नऊ शब्द. घशात आवंढा आला होता.

मग पेन्सिल आणि कागद. कागदावर १ ते २५ आकडे विखुरलेले, ते क्रमाने रेघेने जोडायचे. ३४ सेकंद, उत्तम. पुढच्या कागदावर आकडे आणि अक्षरं दोन्ही, एक आकडा एक अक्षर असं जायचं, १ वरून क, क वरून २, २ वरून ख, ङ धरायचा नाही हे त्यांनी आधीच सांगितलेलं. ४ वरून घ पर्यंत आले. आता ५. ५ मला दिसत होता, डावीकडे वर होता. आणि माझी पेन्सिल घ वरून सरळ च वर गेली. मॅडमनी काही न बोलता घ वर बोट ठेवलं, म्हणजे परत इथून. मी परत निघाले आणि परत च कडे वळले. हाताला कळत होतं की चुकतंय आणि तरी वळवता येत नव्हतं, एकदा अक्षरांच्या रुळावर गेलं की आकड्यांच्या रुळावर येता येईना. एकूण १९० सेकंद लागले. त्या कागदावर मी माझा वर्ग बघितला, फळा, मागून आलेला प्रश्न आणि गायब झालेली चौथी पायरी.

रिपोर्टमध्ये भाषा आणि स्मरणशक्ती सर्वसाधारण, एका कामावरून दुसऱ्यावर जाणं आणि कामाचा वेग कमी, असं आलं. तो वाचून मला बरं वाटलं हे खरं आहे. इतके दिवस ज्याला मी आळस म्हणत होते त्याला नाव मिळालं होतं, आकडा मिळाला होता.

७ मार्चला फंक्शनल एमआरआय (तोच एफएमआरआय) आणि डीटीआय, म्हणजे मेंदूतले जोडणारे तंतू दाखवणारा स्कॅन. सव्वा तास मशीनमध्ये. लेन्स, दागिने, धातूची हुकं असलेले कपडे काढावे लागतात, आधीच साधे कपडे घालून जा. सांगितल्यावर बोटं हलवायची, स्क्रीनवर शब्द आला की त्यावरून क्रियापद मनात आणायचं, ओठ हलवायचे नाहीत. शेवटी आठ मिनिटं फक्त समोरच्या फुलीकडे बघत पडून राहायचं, काही करायचं नाही. मला वाटलं हे मशीन तपासण्यासाठी असेल. तर ते सगळ्यात महत्त्वाचं होतं म्हणे. १९९५ मध्ये भरत बिस्वाल या संशोधकांनी दाखवलं की माणूस स्वस्थ पडलेला असतानाही एकमेकांशी जोडलेल्या भागांतली हालचाल एकाच लयीत वरखाली होत असते. म्हणजे कोण कुणाशी जोडलेलं आहे हे काम न करताही बघता येतं. आपण स्वतःच्या विचारात असतो तेव्हा एक जाळं जागं असतं, बाहेरच्या कामाला लागलो की ते मागे सरतं आणि दुसरं पुढे येतं. ग्लिओमा असलेल्यांमध्ये जाळ्यांची ही लय गाठीपासून लांबही बिघडलेली दिसते, कधी कधी पलीकडच्या बाजूलाही.

डीटीआयचं चित्र सर्जननी स्क्रीनवर दाखवलं. मेंदूतले तंतूंचे जुडगे रंगीत दिसतात, डावीउजवीकडे जाणारे लाल, मागेपुढे जाणारे हिरवे, वरखाली जाणारे निळे. माझ्या गाठीपाशी एक जुडगा वाकून, गाठीला वळसा घालून खाली गेला होता. फ्रंटल अस्लांट ट्रॅक्ट नाव त्याचं, बोलायला सुरुवात करण्याशी त्याचा संबंध आहे. मी बराच वेळ बघत बसले. माझं बोलणं त्या वाकलेल्या धाग्यातून येत होतं. डॉक्टर हेही म्हणाले की या चित्रावर पूर्ण भरवसा ठेवायचा नसतो. एफएमआरआय रक्तप्रवाहावरून अंदाज बांधतो आणि गाठीजवळच्या रक्तवाहिन्या नेहमीसारख्या वागत नाहीत, म्हणून चालू असलेला भागही बंद दिसू शकतो. खरी खात्री ऑपरेशन टेबलावरच, मला जागं ठेवून.

१८ मार्चला अॅडमिट झाले. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सराव, टॅब्लेटवर चित्रं, प्रत्येकाला "हे आहे..." म्हणून नाव सांगायचं. ज्या चित्रांना मी अडखळले ती काढून टाकली, म्हणजे टेबलावर अडखळले तर ते मेंदूवर टेकवतात त्या करंटमुळेच हे नक्की कळावं. संमतीपत्राची सात पानं होती, मी सगळी वाचली आणि 'तात्पुरतं बोलणं जाणे' यावर थांबले. डॉक्टरांनी खुर्ची ओढून बसून सांगितलं की या जागेच्या ऑपरेशननंतर काही दिवस ते काही आठवडे बोलणं आणि उजवी बाजू सुरूच होत नाही असं बऱ्याचदा होतं, बहुतेक वेळा परत येतं, आणि हे घरच्यांनाही आजच सांगा. त्या संध्याकाळी नवऱ्याला आणि मुलीला समोर बसवून सांगितलं. ते सांगितलं नसतं तर पुढचे नऊ दिवस त्यांनी कसे काढले असते मला माहीत नाही.

ऑपरेशनबद्दल सगळे विचारतात, दुखतं का. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, डोक्याच्या कातडीला इंजेक्शनं देतात ती झोंबतात, आणि उघडेपर्यंत मला झोपवलेलं होतं. जागं केलं तेव्हा तोंड कोरडं पडलेलं, खूप थंडी, आणि एकाच कुशीवर पडून खांदा अवघडलेला. चाचणीवाल्या मॅडम चेहऱ्यासमोर बसलेल्या, त्यांचा ओळखीचा आवाज ऐकून धीर आला. हे आहे झाड. हे आहे कुलूप. तिकडे सर्जन काही मिलिअँपिअरचा करंट एकेका जागी टेकवत होते, मला त्याचं काही जाणवत नव्हतं. मग छत्रीचं चित्र आलं. मी "हे आहे" म्हटलं आणि पुढे काहीच नाही. छत्री डोक्यात स्वच्छ होती, तिचा आकार, उघडतानाचा आवाज, सगळं. फक्त शब्द सुटेना, जिभेला कुणी सांगतच नव्हतं. दोन सेकंदांनी करंट काढला आणि "छत्री" बाहेर पडलं. मॅडम म्हणाल्या, "थांबलं." पलीकडून सर्जन म्हणाले, "इथे नंबर ठेवा," म्हणजे या जागेला हात लावायचा नाही अशी खूण.

नंतर त्यांनी उजवा हात वरखाली करत करत चित्रांची नावं घ्यायला सांगितलं. दोन्ही एकदम. माझी फळ्याची तक्रार त्यांनी लक्षात ठेवली होती. बराच वेळ जमलं. मग एका जागी नाव येत होतं पण हात हवेतच थांबला, परत बघितलं तर परत थांबला. सर्जन म्हणाले, "बास, यापुढे जायचं नाही." गाठीचा थोडा भाग त्या तंतूंच्या बाजूने तिथेच ठेवला. वरचा करड्या रंगाचा थर बऱ्यापैकी सावरून घेतो, खालचे तंतू एकदा कापले की त्यांना पर्याय मिळणं अवघड, असं त्यांनी नंतर समजावलं. पूर्ण काढली नाही म्हणून काही नातेवाइकांना वाईट वाटलं. मला नाही वाटलं, तो हात हवेत थांबलेला मी बघितला होता.

२१ ची सकाळ. नवरा समोर, विचारतोय पाणी हवंय का. हवं होतं. मान हलली, शब्द नाही. मनात वाक्य तयार, व्याकरणासकट, पण ते निघतच नव्हतं, आणि चमत्कारिक म्हणजे बोलावं अशी ओढही वाटत नव्हती. उजवा हात पांघरुणावर पडलेला, माझा आहे हे माहीत असूनही उचलायचं सुचत नव्हतं. तिसऱ्या दिवशी स्पीच थेरपिस्टनी माझ्याबरोबर एक, दोन, तीन म्हणायला सुरुवात केली आणि त्यांच्या मागोमाग माझ्या तोंडून चार, पाच, सहा निघाले. स्वतःहून सुरुवात करता येत नव्हती, कुणी धक्का दिला की गाडी चालायची. घरच्यांना सांगते, अशा वेळी "काय हवंय?" असं मोकळं विचारू नका, "पाणी की पांघरूण?" असं विचारा, अर्धा शब्द उच्चारून थांबा. नवव्या दिवशी, डिस्चार्ज होऊन दोन दिवस झाल्यावर, मी मुलीला आपणहून म्हटलं, "दिवा बंद कर." ती दिवा बंद न करता रडत बसली. उजव्या हाताने सही पहिल्यासारखी यायला पाच आठवडे लागले.

बायोप्सीचा रिपोर्ट दहा दिवसांत आला पण तो अर्धाच असतो, जनुकांच्या तपासण्यांना बावीस दिवस लागले. २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानुसार आता गाठीचं नाव जनुकांवरूनही ठरतं. माझं ऑलिगोडेंड्रोग्लिओमा, ग्रेड २, आयडीएच म्युटंट (आयडीएच या जनुकात बदल), १पी/१९क्यू कोडिलीशन (दोन गुणसूत्रांचे ठरावीक तुकडे गळालेले). जाणकारांच्या मते या गटातली ही त्यातल्या त्यात सावकाश चालणारी. स्लाइड आणि ब्लॉक (काढलेल्या गाठीचे जपून ठेवलेले नमुने) दुसऱ्या लॅबला दाखवायचे असतील तर लेखी अर्ज, ओळखपत्र आणि पॅथॉलॉजीतून सही घेऊनच मिळतात, एक आठवडा धरून चाला. ट्युमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत चर्चा होऊन ठरलं की आत्ता रेडिएशन नको, दर चार महिन्यांनी एमआरआय. रेडिएशनने पुढे विचारशक्तीवर परिणाम होऊ शकतो, आणि तरीही ज्यांना ते लागतं त्यांनी टाळू नये, हे दोन्ही त्यांनी मला एकाच बैठकीत सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत वोरासिडेनिब या गोळीला आयडीएच म्युटेशन असलेल्या ग्रेड २ गाठींसाठी मंजुरी मिळाली, तेव्हा पुन्हा चर्चा झाली, सध्या मी ती घेत नाहीये.

घरी बसल्या काळात मी खूप वाचलं, आणि एक गोष्ट वाचून दोन रात्री झोप लागली नाही. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की काही प्रकारच्या ग्लिओमांच्या पेशींशी मेंदूतले न्यूरॉन्स चक्क सायनॅप्स (निरोप पोचवणारे सांधे) जोडतात, म्हणजे गाठ नुसती जागा अडवून बसत नाही, ती त्या जाळ्यात सामील होते आणि त्यातून वाढीला बळ घेते. मी लगेच डॉक्टरांना विचारलं, मग मी विचार करायचा बंद करू का, पुस्तक वाचू नको का? ते म्हणाले की नाही, या शोधातून औषधांचे नवे रस्ते शोधले जातायत, तुमच्या वाचनाने गाठ वाढते असं कुणीही दाखवलेलं नाही, वाचा. हा प्रश्न तुमच्याही मनात आला तर एकट्याने रात्र काढू नका, विचारून टाका.

थकव्याबद्दल बोलायलाच हवं. झोपून न जाणारा थकवा असतो हा. अंघोळ करून कपडे घालेपर्यंत दिवसाची निम्मी शिल्लक संपायची. गर्दीत, टीव्ही चालू असताना बोलणं अशक्य. त्यातच लेव्हेटिरासिटामने चिडचिड वाढली. मी मुलीवर अशी ओरडले की ती दार लावून बसली, आणि मला वाटलं गाठीने माझा स्वभावच बदलला. नवऱ्याने डॉक्टरांना फोन केला, तर हा त्या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम निघाला. त्यांनी हळूहळू औषध बदललं आणि तीन आठवड्यांत फरक पडला. मनाने बंद मात्र करू नका, फिट येऊ शकते.

जुलै २०२४ मध्ये दुसरी चाचणी. 'क'वरून सात शब्द, आधीपेक्षाही कमी. आकडे-अक्षरं १५० सेकंद. मी मॅडमसमोरच रडले. त्या म्हणाल्या की चार महिन्यांत जाळं अजून बसतंय, शब्द कमी झालेत पण रूळ बदलणं सुधारलंय, तेही लिहून घ्या. मग आठवड्यातून दोनदा सराव सुरू केला. त्यातला सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे दोन कामं एकदम करायची ती तोडून एकामागे एक करायला शिकणं. कुणी बोलायला लागलं की हातातली पेन्सिल खाली ठेवायची. फोन आला की चालणं थांबवायचं. घरात नियम केला, एका वेळी एकानेच बोलायचं.

ऑक्टोबरमध्ये शाळेत परत गेले. रुजू होण्यासाठी फिटनेस सर्टिफिकेट लागतं आणि त्यावर नुसतं 'फिट' लिहून आणू नका. मी न्यूरोसायकॉलॉजीचा रिपोर्ट जोडून 'सहा महिने अर्धा वेळ, सलग दोन तासांपेक्षा जास्त नाही, परीक्षेच्या देखरेखीचं काम नाही' असं स्पष्ट लिहून घेतलं. कार्यालयाने तो अर्ज दोनदा परत पाठवला, एकदा शिक्का नव्हता म्हणून, एकदा तारीख जुनी झाली म्हणून. मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. बाहेरून मी अगदी पहिल्यासारखी दिसत होते, टाके केसांखाली गेले होते, त्यामुळे सवलत मागताना सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसायचा. तेव्हा ते १९० सेकंद कामाला आले. आकडा दाखवला की माणसं ऐकून घेतात.

वर्गात पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलं की मी फळ्यावर लिहीत असताना काही विचारायचं नाही, प्रश्न वहीच्या कडेला लिहून ठेवा, खडू खाली ठेवला की विचारा. मला वाटलं होतं आठवडाभरात विसरतील. नाही विसरली. आता पायरी पूर्ण झाली की मी खडू ठेवते, वळते, आणि तीन-चार हात वर असतात.

तिसरी चाचणी एप्रिल २०२५ मध्ये झाली. 'क'वरून तेरा शब्द, कागद एकदाच. आकडे-अक्षरं ९६ सेकंद, घ वरून ५ वर गेले, थोडी थांबून पण गेले. उलटे आकडे अजून चारच. मॅडम म्हणाल्या ते कदाचित इतकंच राहील. उरलेला भाग स्कॅनमध्ये आजवर स्थिर आहे. स्कॅनच्या आधीचा आठवडा वाईट जातो, त्या आठवड्यात शब्दही जास्त अडतात, म्हणून तेव्हा कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही असं आम्ही घरात ठरवलंय.

पुढचा एमआरआय १४ जुलैला आहे. सीडी, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि तिन्ही चाचण्यांच्या झेरॉक्स फाइलमध्ये लावून झाल्यात. कुणाला चाचणीच्या आधी काय विचारायचं, रजेच्या अर्जात काय लिहायचं हे हवं असेल तर मला विचारा, उत्तर द्यायला एखाद दिवस लागेल, पण देईन.